फारसी वाक्यातील नकार आणि अपवाद : मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने एक पुनर्विचार

प्रस्तावना

फारसी भाषेच्या प्राथमिक अध्यापनात नकाराचा पाठ सहसा पहिल्या काही धड्यांतच आटोपला जातो. क्रियापदाच्या आरंभी ‘न’ जोडावा, हा एक नियम सांगितला जातो आणि त्याखाली अपवादांची यादी दिली जाते. ‘अस्त’चे नकारार्थी रूप ‘नअस्त’ न होता ‘नीस्त’ होते, ‘मी’ या वर्तमानदर्शक प्रत्ययापूर्वी ‘न’चा उच्चार ‘ने’ होतो, ‘बे’ हा प्रत्यय नकारात गळून पडतो, ‘हीच’ या शब्दाबरोबर क्रियापदही नकारार्थी ठेवावे लागते, इत्यादी. विद्यार्थी ही यादी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे प्रत्यक्ष मजकूर वाचताना अडखळतो. तो बहुधा यादीतील अपवादांपाशी अडखळत नाही. यादीत ज्यांचा उल्लेखच नाही अशा जागी अडखळतो.

असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. व्याकरणातील अपवाद हा केवळ भाषेचा गुणधर्म नसतो. शिकणाऱ्याची मूळ भाषा कोणती यावरही तो अवलंबून असतो, ही भूमिका येथे मांडली आहे. इंग्रजी वाचकासाठी तयार झालेली अपवादांची यादी मराठी वर्गात जशीच्या तशी आणल्यामुळे दुहेरी हानी होते. जे मराठी विद्यार्थ्याला उपजतच अवगत असते ते अवघड म्हणून शिकविले जाते आणि जे त्याला खरोखर अवघड आहे ते सोपे समजून सोडून दिले जाते.

लेखातील फारसी उदाहरणे आधुनिक इराणी उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. ‘ने’ व ‘बे’ या प्रत्ययांतील ए तसेच ‘जोज’मधील ओ हे स्वर ऱ्हस्व समजावेत. घटक स्पष्ट व्हावेत म्हणून आवश्यक तेथे संयोगचिन्ह वापरले आहे. भारतीय परंपरेत व अफगाणिस्तानातील दरी भाषेत ‘ने-मी’ऐवजी ‘न’चा उच्चार अकारान्त राहतो; म्हणजे यादीतील एक ‘अपवाद’ केवळ उच्चाराच्या प्रदेशभेदाचा आहे, हे प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे.

१. यादीमागची दृष्टी

सर विल्यम जोन्स यांचे फारसी व्याकरण १७७१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांना फारसी शिकण्याची निकड निर्माण झाली होती आणि त्या वाचकवर्गाचे भान या ग्रंथामागे होते. डी. सी. फिलट यांचे विस्तृत व्याकरण १९१९ मध्ये कलकत्ता विद्यापीठातील अभ्यासासाठी तयार झाले. ॲन लॅम्बटन यांचे १९५३ मधील व्याकरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांत प्रमाणभूत मानले गेले. त्याचा दुसरा भाग फारसीतील अरबी घटकांना वाहिलेला आहे. या ग्रंथांची योग्यता वादातीत आहे. परंतु ते इंग्रजीत विचार करणाऱ्या वाचकाला समोर ठेवून लिहिले गेले आणि त्या वाचकाला जे खटकेल त्याची वेगळी नोंद करणे हे त्यांचे रास्त कर्तव्यच होते.

याच सुमारास, १९५७ मध्ये, झिल्बेर लाझार यांचे समकालीन फारसीचे व्याकरण फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. फ्रेंच वाचकाला ‘हीच कस’ म्हणजे ‘कोणीही’ या पदाबरोबर क्रियापद नकारार्थी ठेवण्याची रीत चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. कारण त्याच्या भाषेतही ‘कोणी नाही’ या अर्थाच्या शब्दाबरोबर क्रियापदापाशी नकारचिन्ह येते. एकच फारसी नियम लंडनच्या वाचकाला अपवाद वाटतो आणि पॅरिसच्या वाचकाला परिचित वाटतो. मग पुण्याच्या किंवा औरंगाबादच्या वाचकाला तो कसा वाटेल, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावयास हवा होता.

मराठीत फारसीच्या अभ्यासाची परंपरा नाही असे नाही. राज्यव्यवहारकोशाने सतराव्या शतकातच दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु या परंपरेचे लक्ष प्रामुख्याने शब्दावर राहिले. कोणता शब्द कोठून आला याची चर्चा मराठीत विपुल झाली. वाक्य कसे घडते आणि कसे नाकारले जाते याची तुलनेने अल्प झाली. वाक्यरचनेसाठी मराठी विद्यार्थ्याच्या हाती बहुधा इंग्रजीतून लिहिलेली व्याकरणेच येत राहिली.

२. ‘न’चे स्थान

प्रथम फारसीचा नियम तिच्या स्वतःच्या अंगाने पाहू. ‘रफ्त’ म्हणजे ‘गेला’ आणि ‘न-रफ्त’ म्हणजे ‘गेला नाही’. ‘मी-रवम’ म्हणजे ‘मी जातो’ आणि ‘ने-मी-रवम’ म्हणजे ‘मी जात नाही’. भविष्यकाळात ‘खाहम रफ्त’ (मी जाईन) याचे ‘न-खाहम रफ्त’ होते. नकार साहाय्यक क्रियापदाला लागतो. पूर्ण वर्तमानकाळात ‘रफ्ते अस्त’ (गेलेला आहे) याचे ‘न-रफ्ते अस्त’ होते. येथे नकार धातुसाधिताला लागतो, ‘अस्त’ला नाही. कर्मणी रचनेत ‘गोफ्ते शोद’ (सांगितले गेले) याचे ‘गोफ्ते न-शोद’ होते. ‘कार मी-कोनम’ (मी काम करतो) या संयुक्त क्रियापदाचे ‘कार ने-मी-कोनम’ आणि ‘बर गश्त’ (परतला) याचे ‘बर न-गश्त’ होते.

नकार कधी साहाय्यकाला, कधी धातुसाधिताला तर कधी मधल्या घटकाला लागतो, असे वर्णन केल्यास ही सर्व रूपे विस्कळीत भासतात. वस्तुतः त्यांच्यामागे एकच तत्त्व आहे. संयुक्त क्रियापदातील नाम, ‘बर’सारखा पूर्वशब्द आणि कर्मणीतील धातुसाधित हे घटक अर्थ पुरवितात, त्यांना वगळल्यावर जो काळदर्शक क्रियापदसमूह उरतो त्याच्या अगदी आरंभी ‘न’ येतो. ‘खाहम रफ्त’ या समूहाचा आरंभ ‘खाहम’ने होतो, ‘रफ्ते अस्त’चा आरंभ ‘रफ्ते’ने होतो आणि ‘मी-रवम’चा आरंभ ‘मी’ने होतो. तत्त्व कळल्यावर अपवाद उरत नाहीत.

‘दाश्तन’ (जवळ असणे) या क्रियापदाचे ‘न-दारद’ असे ‘मी’विरहित रूप हाही नकाराचा अपवाद म्हणून दिला जातो. परंतु होकारार्थी ‘दारद’लाच ‘मी’ नसतो. या धातूचा दुसऱ्या अर्थी संयुक्त प्रयोग झाला की ‘मी’ परत येतो : ‘बर मी-दारद’ (उचलतो), ‘बर ने-मी-दारद’ (उचलत नाही). म्हणजे वैशिष्ट्य ‘दाश्तन’चे आहे, नकाराचे नाही. स्वरादी क्रियापदांत ‘आमद’ (आला) याचे ‘न-यामद’ होते. दोन स्वरांमध्ये ‘य’ येणे हा संधीचा विषय आहे. संधी शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला त्यासाठी वेगळी यादी द्यावी लागू नये.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण मात्र येथेच सुरू होते. आजच्या मराठीत नकार सर्वसाधारणपणे क्रियापदानंतर येतो : ‘जात नाही’, ‘गेला नाही’, ‘गेलेला नाही’. ‘गेलेला नाही’ या रचनेच्या छापातून ‘रफ्ते नीस्त’ असे फारसी वाक्य सहज तयार होते आणि ते चुकीचे असते. इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकात या चुकीबद्दल सावध करण्याचे कारण नाही. मराठी पुस्तकात ते पहिल्या पानावर असावयास हवे.

एक साम्य मात्र उपयोगी पडणारे आहे. ‘दारम मी-रवम’ (मी आत्ता जात आहे) या अपूर्ण क्रियेच्या रचनेला आधुनिक प्रमाण फारसीत स्वतःचे नकारार्थी रूप नाही. तेथे साधे ‘ने-मी-रवम’च वापरतात. होकाराला जेवढी रूपे तेवढीच नकाराला असतात, या गृहीतकाला हा धक्का आहे. परंतु मराठीतही ‘मी जाईन’ याला सरळ नकार नाही. ‘मी जाणार नाही’ असा वेगळ्या रूपाचा आश्रय घ्यावा लागतो. हे उदाहरण दिल्यास फारसीतील रिकामी जागा विद्यार्थ्याला विचित्र वाटणार नाही.

३. ‘नीस्त’, ‘नाही’ आणि ‘नव्हे’

‘नीस्त’ हे अपवादाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. मध्य फारसीतील ‘ने’ हा नकार आणि ‘अस्त’ यांच्या एकीकरणातून ते सिद्ध झाले आहे. संस्कृतातील ‘न’ आणि ‘अस्ति’ मिळून झालेले ‘नास्ति’ हे त्याचे सगोत्र रूप होय. भूतकाळात असे एकीकरण नाही : ‘बूद’ (होता), ‘न-बूद’ (नव्हता). मराठी विद्यार्थ्याला ‘आहे’चा नकार ‘नाही’ हा स्वतंत्र शब्द असतो याचे नवल नाही.

नवल वेगळ्या ठिकाणी आहे. फारसीत होकारार्थी वाक्यात ‘अस्त’ आणि ‘हस्त’ असे दोन शब्द आहेत. पहिला मुख्यत्वे उद्देश्य-विधेय जोडतो, तर दुसऱ्यात अस्तित्वावर भर असतो. नकारात हा भेद नष्ट होतो आणि दोहोंचे ‘नीस्त’ होते. मराठीत नेमके याच्या उलट घडते. होकारात ‘हे पुस्तक आहे’ आणि ‘घरात पुस्तक आहे’ या दोन्ही ठिकाणी एकच ‘आहे’ येतो. नकारात मात्र ‘हे पुस्तक नव्हे’ आणि ‘घरात पुस्तक नाही’ असा भेद करण्याची सोय मराठीत आहे. बोलण्यात ‘नव्हे’च्या जागी ‘नाही’ वापरले जात असले तरी लेखनात हा भेद अजून जिवंत आहे.

एका भाषेत होकार दुहेरी व नकार एकेरी, तर दुसरीत होकार एकेरी व नकार दुहेरी. त्यामुळे मराठीतून फारसीत जाताना ‘नीस्त’ सोपे वाटते. फारसीतून मराठीत येताना मात्र प्रत्येक ‘नीस्त’पाशी थांबून वस्तूचे अस्तित्व नाकारले आहे की तिची ओळख, हे ठरवावे लागते. इंग्रजी व्याकरणाच्या आधारे शिकणाऱ्याला या निर्णयाची जाणीवही करून दिली जात नाही. स्वतंत्र, आघातयुक्त ‘न’ हा याच ‘नव्हे’च्या जवळचा : ‘न अली, बल्के हसन आमद’ म्हणजे ‘अली नव्हे, तर हसन आला’. येथे क्रियापद होकारार्थीच राहते, कारण नकार क्रियेचा नसून कर्त्याचा आहे.

शब्दातील नकार आणि वाक्यातील नकार यांचा भेदही येथे लक्षात घ्यावा. ‘ऊ नादान अस्त’ हे व्याकरणदृष्ट्या होकारार्थी वाक्य आहे; ‘ऊ दाना नीस्त’ हे नकारार्थी. पहिले वाक्य अज्ञानाचा आरोप करते, तर दुसरे केवळ ज्ञानाचा दावा फेटाळते. ‘ना’, ‘बे’, ‘गैर’ हे उपसर्ग मराठीत ‘नापसंत’, ‘बेकार’, ‘गैरसमज’ अशा शब्दांतून इतके रुळले आहेत की मराठी वाचक ते ओळखीचे मानून पुढे जातो. तथापि फारसीत ‘गैर’ हा शब्द पुढील शब्दाशी इजाफतीने जोडला जातो : ‘गैरे मोम्केन’ (असंभव). मराठीने उपसर्ग घेतला, इजाफत मात्र घेतली नाही.

४. ‘हीच’ आणि दुहेरी नकार

‘हीच कस न-यामद’ म्हणजे ‘कोणीही आले नाही’. या फारसी ‘हीच’चा मराठी ‘हीच’ या सर्वनामाशी काही संबंध नाही, एवढी सूचना पुरेशी आहे. इंग्रजी वाचकाला येथे दोन नकार एकत्र आल्यासारखे वाटतात. म्हणून त्याला दुहेरी नकाराची संकल्पना समजावून द्यावी लागते. मराठी विद्यार्थ्याने ‘कोणीही आले नाही’ हे आपले वाक्य शब्दशः फारसीत ठेवले तरी ते बरोबर ठरते. त्याला दुहेरी नकाराचा सिद्धान्त शिकविणे म्हणजे नसलेली अडचण निर्माण करणे होय.

‘हीच’शिवायही हे कार्य होते. ‘कसी न-यामद’ (कोणी आले नाही), ‘चीजी न-गोफ्त’ (काही बोलला नाही) येथे अनिश्चिततादर्शक ‘ई’ नकाराच्या कक्षेत येऊन सर्वनिषेधाचा अर्थ देते. ‘केताबी न-दारम’ म्हणजे ‘माझ्याजवळ एकही पुस्तक नाही’; परंतु ‘केताब रा न-खरीदम’ म्हणजे ‘ते (विशिष्ट) पुस्तक मी विकत घेतले नाही’. ‘रा’ हे चिन्ह कर्माला निश्चित करते आणि नकाराची व्याप्ती त्या एका वस्तूपुरती मर्यादित ठेवते. हा मुद्दा प्राथमिक पुस्तकांत ‘रा’च्या धड्यात येतो, त्याचा नकाराशी असलेला संबंध दाखविणे आवश्यक आहे.

या सहनकाराला एक मर्यादाही आहे. ‘न ऊ आमद, न बरादरश’ या वाक्यात ‘न’ दोनदा येऊनही क्रियापद होकारार्थी राहते. परंपरागत व्याकरण हेच रूप शुद्ध मानते. मराठीतील ‘ना तो आला, ना त्याचा भाऊ’ ही रचना तंतोतंत तशीच आहे. ‘हीच’ नकाराची साथ मागतो, ‘न... न’ मात्र नकार स्वतःच वाहतो. हा फरक मराठी कानाला मुळातच ठाऊक आहे.

असेच दुसरे उदाहरण ‘ता’ या अव्ययाचे. ‘ता ऊ न-यायद, मन ने-मी-रवम’ म्हणजे ‘तो येत नाही तोपर्यंत मी जाणार नाही’. इंग्रजीत पहिल्या भागात नकार येत नाही. त्यामुळे फारसीतील तो नकार इंग्रजी वाचकाला निरर्थक किंवा जास्तीचा वाटतो. मराठीत तो जसाच्या तसा आहे. मराठी अध्यापकाने येथे इंग्रजी पुस्तकाचे स्पष्टीकरण वाचून न दाखविता मराठी वाक्य समोर ठेवावे. काम एका वाक्यात होते.

५. एक ‘न’ आणि मराठीतील पाच नकार

याउलट ज्या ठिकाणी मराठी अधिक संपन्न आहे तेथे विद्यार्थी फसतो. मराठीत ‘नाही’, ‘नव्हे’, ‘नको’, ‘नये’ आणि ‘नसणे’ असे नकाराचे पाच निरनिराळे मार्ग आहेत. वस्तुस्थिती, ओळख, निषेध, अनौचित्य आणि अभाव यांत मराठी शब्दानेच भेद करते. आधुनिक फारसी हे सर्व अर्थ ‘न’ आणि क्रियापदाचे रूप यांच्या संयोगातून व्यक्त करते.

जुन्या फारसीत निषेधासाठी ‘म’ हा स्वतंत्र प्रत्यय होता : ‘म-कोन’ (करू नकोस). संस्कृतातील निषेधार्थक ‘मा’ हा त्याचा सगोत्र. आधुनिक फारसीत आज्ञार्थातही ‘न-कोन’ असेच म्हणतात; ‘म’ काव्यात, भारदस्त लेखनात आणि ‘मबादा’ (न जाणो, असे न होवो) यांसारख्या गोठलेल्या शब्दांत उरला आहे. होकारार्थी आज्ञार्थ व संभावनार्थ यांतील ‘बे’ नकारात येत नाही : ‘बे-रवद’ (त्याने जावे), ‘न-रवद’ (त्याने जाऊ नये). हा यादीतील अपवाद. परंतु त्याचा परिणाम यादीत सांगितलेला नसतो. ‘बे’ गळाल्यामुळे नकारात संभावनार्थाची खूण ‘मी’चा अभाव एवढीच राहते.

‘गोफ्तम के ने-मी-रवद’ म्हणजे ‘मी म्हटले की तो जात नाही’. ‘गोफ्तम के न-रवद’ म्हणजे ‘मी म्हटले की त्याने जाऊ नये’. पहिले विधान आहे, दुसरी आज्ञा आहे. दोहोंत केवळ एका ‘मी’चे अंतर आहे. मराठी विद्यार्थी ‘नाही’ आणि ‘नये’ असे ठळक वेगळे शब्द शोधीत असतो आणि फारसीत त्याला दोन्हीकडे ‘न’च दिसतो, त्यामुळे दोन्हींचा अर्थ ‘जात नाही’ असा करण्याकडे त्याचा कल होतो.

‘बायद’ (पाहिजे) आणि ‘तवानेस्तन’ (शकणे) यांच्या बाबतीत नकाराचे स्थानही अर्थ ठरविते. ‘ने-मी-तवानद बे-रवद’ म्हणजे ‘तो जाऊ शकत नाही’. ‘मी-तवानद न-रवद’ म्हणजे ‘तो न जाऊ शकतो’, अर्थात न जाण्याची त्याला मुभा आहे. ‘न-बायद बे-रवद’ म्हणजे ‘त्याने जाता कामा नये’. मराठीत ‘त्याला जायला नको’ याचा अर्थ ‘जाण्याची गरज नाही’ असाही होतो. तो अर्थ फारसीत हवा असल्यास ‘लाजेम नीस्त बे-रवद’ असेच म्हणावे लागते. ‘नको’चा प्रतिशब्द म्हणून ‘न-बायद’ पाठ करणारा विद्यार्थी सवलतीच्या जागी मनाई लिहून बसेल.

६. अपवाद म्हणजे झाकलेला नकार

आतापर्यंत ‘अपवाद’ हा शब्द नियमाच्या अपवादाविषयी वापरला. आता वाक्याच्या अर्थातील अपवाद पाहू. ‘हमे जोज अली आमदंद’ म्हणजे ‘अलीखेरीज सगळे आले’. ‘हीच कस जोज अली न-यामद’ म्हणजे ‘अलीखेरीज कोणी आले नाही’. पहिल्या वाक्यात अली आला नाही, दुसऱ्यात फक्त तोच आला. क्रियापद समूहाविषयी जे सांगते त्याच्या उलट अपवादाविषयी समजावयाचे, हा नियम सरळ आहे. ‘जोज नान चीजी न-दारीम’ (भाकरीखेरीज आमच्याजवळ काही नाही) हे वाक्य म्हणूनच ‘फकत नान दारीम’ (आमच्याजवळ फक्त भाकरी आहे) याचे समानार्थी होते. नकार आणि अपवाद मिळून एक मर्यादित होकार तयार होतो.

‘मगर’ या शब्दाने हा संबंध अधिक स्पष्ट होतो. हिंदी-उर्दूच्या परिचयामुळे मराठी वाचक त्याचा अर्थ ‘परंतु’ असा घेतो. फारसीत मात्र तो ‘खेरीज’ या अर्थी येतो आणि प्रश्नात ‘मगर ने-मी-दानी?’ म्हणजे ‘तुला ठाऊक नाही की काय?’ असा अपेक्षित उत्तराच्या उलट बाजूने विचारणारा शब्द बनतो. त्याची व्युत्पत्ती ‘म’ हा नकार आणि ‘अगर’ (जर) अशी दिली जाते. अर्थात ‘जर नाही तर’. अरबीतून आलेला ‘इल्ला’ हाही ‘इन’ (जर) आणि ‘ला’ (नाही) यांच्या संयोगातून झालेला आहे. दोन भिन्न भाषाकुलांनी अपवाद व्यक्त करण्यासाठी एकच वाट निवडली : अट आणि नकार.

म्हणूनच पुढील दोन वाक्ये एकाच अर्थाची आहेत. ‘अगर न-यायी, ने-मी-रवम’ (तू आला नाहीस तर मी जाणार नाही) आणि ‘ने-मी-रवम मगर इन के बे-यायी’ (तू आल्याखेरीज मी जाणार नाही). दुसऱ्या वाक्यात ‘येणे’ हे क्रियापद होकारार्थी आहे. त्याचा नकार ‘मगर’च्या पोटात गेला आहे. ‘मगर इन के’नंतर पुन्हा ‘न’ लावणारा विद्यार्थी एकच नकार दोनदा मोजतो. अपवादवाचक शब्द हे स्वतंत्र प्रकरणात, नकारापासून दूर, ठेवण्याची जी प्रथा आहे तिचा हा थेट परिणाम होय.

मराठी विद्यार्थ्याला येथे एक आधार आहे. मराठीतील ‘शिवाय’ आणि ‘खेरीज’ हे शब्द अनुक्रमे ‘सिवा’ व ‘खारिज’ या अरबी शब्दांपासून फारसीच्या द्वारे आलेले मानले जातात. ‘वगैरे’, ‘बगैर’ आणि ‘फक्त’ यांची वाटही तीच. परंतु हे शब्द काही वेळा संदिग्धही असतात. ‘अलीशिवाय तिघे आले’ या वाक्यात अली आला की नाही हे कळत नाही. फारसी ‘गैर अज’मध्येही ही संदिग्धता आहे. ‘अलावे बर’ (त्यात भर म्हणून) समावेश दाखवितो, तर ‘जोज’ सामान्यतः वगळणे दाखवितो. हा भेद शिकविल्यास फारसी तर स्पष्ट होतेच, शिवाय आपल्या मराठी वाक्यातील धूसर जागाही दिसू लागते.

७. एका नुक्त्याचे अंतर

हे विवेचन केवळ अध्यापनपद्धतीपुरते मर्यादित असते तर त्याचे महत्त्व बेताचे ठरले असते. परंतु महाराष्ट्रात फारसी शिकणाऱ्यांपैकी अनेकांचे लक्ष्य बहमनी, निजामशाही, आदिलशाही व मोगल काळातील कागदपत्रे हे असते. फर्माने व सनदा यांतील आज्ञा बहुतांशी होकाराच्या व निषेधाच्या ठरावीक वाक्यांत असतात. ‘मुजाहिम न-शवंद’ (अडथळा करू नये) हे त्यांतील एक नेहमीचे वाक्य. तत्कालीन मराठी कागदांतील ‘मुजाहीम न होणे’, ‘उजूर न करणे’ ही वळणे त्याच व्यवहारातील आहेत. या मराठी वाक्यांत ‘न’ क्रियापदापूर्वी येतो. परंतु क्रियापदापूर्वी ‘न’ ठेवण्याची रीत जुन्या मराठीत मुळातच होती. केवळ या साम्यावरून फारसी प्रभावाचा निष्कर्ष काढणे योग्य नाही. मात्र विद्यार्थ्याला फारसी शब्दक्रमाची सवय लावण्यासाठी जुनी मराठी उपयोगी आहे, असे निश्चित म्हणता येते.

फारसी लिपीत शब्दारंभीचा ‘ब’ आणि ‘न’ यांचा आकार एकच असतो. नुक्ता खाली असेल तर ‘ब’, वर असेल तर ‘न’. त्यामुळे ‘बे-कोनद’ (त्याने करावे) आणि ‘न-कोनद’ (त्याने करू नये) या परस्परविरोधी आज्ञांत लिपीच्या दृष्टीने एका नुक्त्याच्या जागेचेच अंतर आहे. शिकस्ता वळणाच्या हस्ताक्षरात नुक्ते पुष्कळदा गाळलेले असतात. अशा वेळी वाचकाला निर्णय घ्यावा लागतो तो वाक्यातील अन्य खुणांवरून. ‘हीच’ आला असेल तर क्रियापद नकारार्थी असण्याची अपेक्षा, ‘न... न’ असेल तर होकारार्थी. ‘मगर इन के’ असेल तर पुढील क्रियापद सामान्यतः होकारार्थी. जुन्या गद्यात ‘मी’विरहित वर्तमान रूप साध्या विधानातही येऊ शकते, म्हणून केवळ ‘मी’च्या अभावावर विसंबणेही धोक्याचे. जमिनीचा हक्क चालवावा की चालवू नये, कर घ्यावा की घेऊ नये, हे ज्या वाक्यावर ठरत होते त्याचे आजचे वाचन अशा खुणांच्या जाणिवेवर अवलंबून आहे. अपवादांची यादी पाठ असणे येथे पुरत नाही. नकाराची व्याप्ती ओळखता आली पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, फारसी नकाराचे बहुतेक तथाकथित अपवाद क्रियापदसमूहाच्या आरंभी ‘न’ या एका तत्त्वात, संधीत किंवा उच्चारभेदात सामावतात. दुसरी, ‘हीच’सह येणारा नकार, ‘ता’नंतरचा नकार आणि ‘न... न’ या रचना मराठी विद्यार्थ्यासाठी अपवाद नाहीत. त्या त्याच्या मातृभाषेतून थेट शिकविता येतात. तिसरी, पूर्ण वर्तमानकाळातील ‘न’चे स्थान, ‘ने-मी-रवद’ आणि ‘न-रवद’ यांतील भेद, ‘न-बायद’ व ‘नको’ यांची विसंगती, ‘नीस्त’चे ‘नाही’ व ‘नव्हे’ असे दुहेरी भाषांतर आणि ‘मगर’चा फसवा परिचय ही मराठी विद्यार्थ्याची खरी अवघड स्थळे आहेत; इंग्रजीतून आलेल्या यादीत त्यांना पुरेसे स्थान नाही. चौथी, अपवादवाचक शब्द नकाराच्या पाठापासून वेगळे न ठेवता त्याचाच पुढील भाग म्हणून शिकवावेत.

इंग्रजीतील व्याकरणकारांकडे यात दोष जात नाही. त्यांनी आपल्या वाचकाची भाषा ओळखून पुस्तके लिहिली. दोष आहे तो त्यांच्या वाचकाची अडचण आपली समजून उचलण्यात. फारसी-मराठी कोशाने शब्दांच्या पातळीवर मराठी अभ्यासकाला जे स्वावलंबन दिले तेच वाक्याच्या पातळीवर मिळावयाचे असेल, तर मराठीच्या पाच नकारांसमोर फारसीचा एक ‘न’ ठेवून लिहिलेले प्राथमिक व्याकरण ही त्याची पहिली गरज आहे.